३२ कोरचं वर्कस्टेशन आणि ओपनफोम: काही महिने वापरून झाल्यावर

आमच्याकडे पंप आणि डक्टिंगचं सीएफडी (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित) चालतं, सगळं ओपनफोम या फुकटच्या सॉफ्टवेअरवर, कारण कमर्शियल सॉल्व्हरमध्ये कोर वाढवायचे म्हटलं की लायसन्सचे वेगळे पैसे, ते आमच्यासारख्या छोट्या ऑफिसला झेपत नाही. म्हणून तो पैसा मशीनमध्ये घालू असं ठरलं आणि एएमडीच्या थ्रेडरिपर प्रो ५९७५डब्ल्यूएक्स प्रोसेसरचं मशीन असेंबल करून घेतलं. ३२ कोर, ६४ थ्रेड (एका खऱ्या कोरचे दोन आभासी), १२८ जीबी रॅम. कागदावर एकदम राजेशाही.

सुरुवात मात्र वैतागाची. सिंपलफोमचा (ओपनफोममधला एक सॉल्व्हर) रन ८ कोरवर ठीक पळाला, १६ वर किंचित फरक, आणि ३२ वर टाकला तर जवळपास तेवढाच वेळ. ऑफिसातल्या एकाने ६४ थ्रेड आहेत ना मग सगळे लाव असा सल्ला दिला. एक रन अनेक कोरवर वाटून चालवणारं ओपन एमपीआय मुळात फिजिकल कोरच मोजतं, ६४ मागितले की स्लॉट नाहीत म्हणून अडून बसतं, तरी ऑप्शन देऊन पळवलं, तर उलट आणखी हळू.

आणि कोण किती बिझी ते दाखवणारं एचटॉप उघडावं तर सगळ्या पट्ट्या १०० टक्के! बघणाऱ्याला वाटतं मशीन जीव तोडून काम करतंय. हा आकडा साफ फसवा आहे हो. रॅममधून डेटा यायची वाट बघत ताटकळलेला कोरसुद्धा ऑपरेटिंग सिस्टिमला बिझीच दिसतो, आणि एमपीआयची प्रोसेस शेजारच्या प्रोसेसच्या मेसेजसाठी थांबते तेव्हा झोपत नाही, आला का आला का करत फिरत राहते, म्हणजे तिथेही १००.

ज्याने मशीन जोडून दिलं त्याचं म्हणणं, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, आमच्याकडे सिनेबेंचचा (रेंडरिंग करून प्रोसेसर तपासणारी टेस्ट) स्कोअर बघा. स्कोअर झकास होता, येणारच, त्या रेंडरिंगला मेमरी बँडविड्थ, म्हणजे रॅममधून डेटा यायचा वेग, फारसा लागतच नाही. शेवटी डीएमआयडीकोड ही कमांड मारून मेमरीची माहिती काढली तर ८ स्लॉटपैकी २ भरलेले, ६४ जीबीच्या २ स्टिक, बाकी सगळे रिकामे. बिलावर १२८ जीबी आहे आणि मशीनमध्येही १२८ जीबी आहे, त्यामुळे भांडायचं तरी कशावरून!

या प्रोसेसरला ८ मेमरी चॅनल, म्हणजे रॅमकडून डेटा यायचे रस्ते, आहेत. डीडीआर४-३२०० चं एक चॅनल सेकंदाला २५.६ जीबी देतं, म्हणजे आठही भरले तर २०४.८ आणि आमच्या दोनात ५१.२, जेवढं डीडीआर४ च्या साध्या डेस्कटॉपला मिळतं तेवढंच. सीएफडीच्या मॅट्रिक्समध्ये एक आकडा रॅममधून आणायचा, त्यावर एक गुणाकार, एक बेरीज, की लगेच पुढचा आकडा, त्यामुळे कोरला गणितापेक्षा वाट बघण्याचंच काम जास्त. पंगतीला ३२ जण बसलेत आणि वाढपी दोनच, अशी गत. छोट्या मेशवर (गणितासाठी जागेचे तुकडे पाडलेली जाळी) हे कळतच नाही, कारण प्रोसेसरच्या आतली मेमरी, एल३ कॅश, १२८ एमबी आहे, बराचसा केस (म्हणजे एक पूर्ण गणित) त्यातच मावतो आणि सगळं सुसाट वाटतं. म्हणून टेस्ट करायची तर आपल्या रोजच्या साइझच्या मेशवरच करा.

बरीच घासाघीस करून १६ जीबीच्या ८ स्टिक बदलून घेतल्या. कपॅसिटी तीच, पण ३२ कोरवरचा वेळ आधीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आला. केस फाइलमधली एक ओळ बदललेली नव्हती.

तरीही १६ वरून ३२ वर गेलं की दुप्पट स्पीड मिळत नाही हे लक्षात ठेवा, त्यामुळे दोन केस असतील तर मी प्रत्येकी १६ कोरवर एकत्रच टाकतो. इथे एक भानगड आहे, दोन्ही रनला बाइंड-टू-कोर (प्रोसेस ठरावीक कोरला बांधायचा ऑप्शन) दिलं की दोन्ही पहिल्याच कोरपासून जागा पकडतात, अर्धे कोर एकमेकांच्या उरावर आणि अर्धे मोकळे. सीपीयू-सेट या ऑप्शनने एकाला ० ते १५ आणि दुसऱ्याला १६ ते ३१ असं वाटून द्यावं लागतं.

डीकंपोज करताना, म्हणजे मेश कोरांमध्ये वाटताना, स्कॉच पद्धत बरी, डोकं लावावं लागत नाही. ज्यांचं विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) चालतं त्यांनी केस सी ड्राइव्हवरून पळवू नये, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवावा, नाहीतर प्रत्येक राइटला चहा पिऊन यायचं. आणि साधा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, दोनच चॅनलचा, तर निव्वळ सीएफडीसाठी १६ कोरवाला घेण्यात अर्थ नाही, सहा-आठच्या पुढे फारसं काही हाती लागत नाही. पैसे वेगवान रॅमवर घाला.

मशीनबद्दल बाकी तक्रार नाही. २८० वॅटचा प्रोसेसर आहे, एप्रिल-मेमध्ये एसी बंद ठेवला की क्लॉक स्पीड खाली येतो, आणि यूपीएस दणकट लागतो. मेश बनवणाऱ्या स्नॅपीहेक्समेशचे लेअर (भिंतीलगतचे पातळ थर) मात्र अजूनही रखडतातच, तिथे कामाची वाटणी समसमान होत नाही, एकदोन कोर राबतात आणि बाकीचे आपले १०० टक्के दाखवत बसलेले.