सिमेंट रोड करायचा का आधी गडर लाइन?

नागपुरात आमच्या गल्लीत सध्या एकच वाद चालू आहे, निधी आलाच तर सिमेंट रोड करायचा का डांबरीच ठेवून आधी गडर लाइन (सांडपाण्याची जमिनीखालची लाइन) अन् नाली नीट करायची.

सिमेंटवाल्यांचं म्हणणं खोटं नाही, नीट केला तर 20 वर्षं बघायला नको, डांबर तर पाणी साचलं की उखडतेच. पण भाऊ, नीट केला तर ना! जुना रोड खोदायचा सोडून त्याच्यावरच ओतून देतात, मग रोड वर आणि आमचा ओटा खाली, जरा जोराचा पाऊस आला की पाणी सरळ हॉलमध्ये, वरून दोन महिन्यांनी कोणीतरी केबल टाकायला येतो अन् तोच रोड फोडतो.

गडर लाइन जमिनीखाली, तिची फीत कापता येत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये, तेव्हा रोड सिमेंटचा का डांबराचा हे कोणी विचारलं का?

अन् तेव्हा बोलायचं तरी कोणाशी? मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, मग 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच, वॉर्डातलं कोणी ऐकायलाच नव्हतं.

माझं मत गडर लाइनला. सिमेंटच पाहिजे असेल तर लेव्हल ओट्याच्या खाली ठेवू असं आधी लिहून द्या, शेजारच्या काकू तर स्टॅम्प पेपरवरच मागून राहिल्या.