टर्कीनंतर कोणते औषध? ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन आणि नाल्ट्रेक्सोन

ब्राऊन शुगर सोडायचे ठरले की घरच्यांना आधी धास्ती वाटते ती टर्कीची, म्हणजे नशा बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाची. नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडे मोडल्यासारखी अंगदुखी आणि रात्र रात्र न लागणारी झोप हे सारे क्लोनिडीन व वेदनाशामक गोळ्यांनी सुसह्य होते. परंतु उपचार तेथेच थांबवणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. कारण त्या काही दिवसांत शरीराची सवय उतरते आणि पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतली गेल्यास श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून तुलना करायची ती पुढे दीर्घकाळ घ्यायच्या औषधांची.

बहुतेकांनी सुरुवात ब्युप्रेनॉर्फिनने करावी, असे माझे मत आहे. हे औषध मेंदूत ब्राऊन शुगरसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्याच जागी घट्ट बसते, पण तेथे अर्धीच चालना देते. त्यामुळे ओढ शमते आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत नसतील तर श्वास मंदावण्याचा धोका मर्यादित राहतो. केंद्रावर परिचारिका गोळ्या कुटून जिभेखाली ठेवते आणि त्या विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवते, कारण गिळलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. शेवटच्या ब्राऊन शुगरनंतर साधारण 12 तास उलटून टर्की दिसू लागल्यावरच पहिली मात्रा द्यावी लागते. घाई केल्यास औषधच तीव्र टर्की आणते.

मेथाडोनसाठी असे थांबावे लागत नाही, आणि ब्युप्रेनॉर्फिनने ज्यांची ओढ आवरत नाही असे रुग्ण त्यावर अधिक टिकतात. मात्र ते शरीरात साचत जाते, म्हणून मात्रा सावकाश वाढवावी लागते. हृदयाच्या लयीवरही लक्ष ठेवावे लागते. भारतात मेथाडोनचे उपचार 2012 पासून मिळू लागले, तरी केंद्रे मोजकीच आहेत.

‘एक व्यसन सोडून दुसरे लावून घ्यायचे का?’ हा प्रश्न आईवडील कळवळून विचारतात. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत औषध घेऊन कामावर जाणारा मुलगा नशेत नसतो. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो, तसेच हे आहे.

नाल्ट्रेक्सोनची 50 मिलिग्रॅमची गोळी नशा चढूच देत नाही आणि तिची सवयही लागत नाही. परंतु ती सुरू करण्यापूर्वी 7 ते 10 दिवस पूर्ण कोरडे राहावे लागते, आणि बरेच जण ती मध्येच सोडतात. रोज कोणी हातावर गोळी ठेवणारे असेल, तरच ती निवडावी.

गरोदर स्त्रीने टर्की काढू नये. तिला पहिल्या दोनांपैकीच एक औषध द्यावे. निवडीपूर्वी 14446 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळचे केंद्र विचारावे, कारण रोज दोन लोकल बदलून जावे लागणार असेल, तर घरी नेण्याची मात्रा कधीपासून मिळेल यावरच पुष्कळ काही ठरते.