जुना लाइट मीटर घेताय? आधी सेल झाकून काटा बघा

लाइट मीटर म्हणजे उजेड मोजून कॅमेऱ्याला कोणते आकडे लावायचे ते काट्याने सांगणारं यंत्र. काटा हलतोय म्हणजे मीटर चालू आहे, हे फिल्मवर फोटो काढणाऱ्या नव्या मुलांना सर्रास सांगितलं जातं. कोल्हापुरात मला याच एका वाक्यावर मीटर विकला गेला. दुसऱ्या कुणाचे पैसे आणि रोल वाया जाऊ नयेत, म्हणून सगळं लिहितोय.

मीटर सेकॉनिकचा एल-३९८, सेलेनियम सेलचा. याला बॅटरी लागत नाही. सेलवर उजेड पडला की त्यातूनच वीज तयार होते आणि काटा चढतो. पण असे जुने सेल काळानुसार उतरतात, आणि वरून बघून ते कळत नाही.

विकणाऱ्याने रंकाळ्यावर बोलावलं, तेही भर दुपारी. "उन्हात बघा की सर, काटा कसा पळतोय!" स्वच्छ उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ ला ठेवलं की शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे फिल्म उजेड किती चटकन टिपते त्याच्या, आकड्याएवढा, हा आपला जुना ठोकताळा. आयएसओ ४०० ला मीटरने १/४०० च्या जवळचं १/५०० सेकंद दाखवलं. चोख. साडेपाच हजार जीपे केले.

पुढचा रोल मी गुऱ्हाळावर काढला. आत अंधुक उजेड, काहिलीतून उठणारी वाफ, चुलवाणात जळण सारणारा माणूस. रोल धुऊन आला तर निगेटिव्हवर जाळ तेवढा उमटलेला. माणसाचा चेहरा, गुळव्याचे हात, मागची भिंत, सगळीकडे नुसती कोरी पारदर्शक फिल्म, म्हणजे तिथे उजेड पुरलाच नव्हता. तो हंगाम माझ्या हातून गेला आणि त्याचा राग अजून आहे.

मीटर एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांना दाखवला. त्यांनी सेल तळहाताने पूर्ण झाकला आणि मधलं बटण दाबलं. काटा शून्यावर यायला हवा होता, तो बराच वर अडून राहिला. मग मीटर पालथा केला. मागच्या झीरोच्या, म्हणजे काटा शून्यावर लावायच्या, स्क्रूची खाच ताजी खरवडलेली, आतला धातू चकाकत होता. सेल उतरल्यामुळे उन्हात काटा कमी दाखवत असणार. ती तूट लपवायला कुणीतरी काटाच वर चढवून ठेवला होता. उन्हात आकडा जुळतो. सावलीत उजेडच थोडा, त्यावर हा खोटा चढाव, की मीटर आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड सांगतो. काकांच्या दुकानात डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून पाहिलं तर तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट फरक!

विकणाऱ्याला फोन केला तर "जुन्या वस्तूला गॅरंटी नसते" एवढंच उत्तर, आणि मग नंबर ब्लॉक.

म्हणून व्यवहार संध्याकाळी करा, किंवा ऊन, व्हरांडा आणि खोली अशा तिन्ही ठिकाणी चांगल्या डिजिटल कॅमेऱ्याशी आकडे जुळवा. गॉसेनचा लुनासिक्स ३ कुणी दाखवला तर बॅटरीचं विचारा: तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलाय, त्यात साधे १.५ व्होल्टचे अल्कलाइन घातले की आकडे चुकतात. बजेट असेल तर सिलिकॉन सेलचा सेकॉनिक एल-३०८ घ्या. एका पेन्सिल सेलवर चालतो आणि अशी भानगड नाही.

त्याच माणसाने आता आणखी एक एल-३९८ 'एकदम ओके' म्हणून विकायला काढलाय. फोटोत मीटरची पाठ कुठेच दिसत नाही. घ्यायचाच असेल तर स्क्रूचा जवळून काढलेला फोटो आणि सेल झाकून काढलेला व्हिडिओ मागा, तोवर एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.