पहिल्या मॅरेथॉनसाठी छातीवरचा हार्ट रेट बेल्ट: वापरून झाल्यावरचं मत

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पळायला लागलेलं माणूस पहिल्या फुल मॅरेथॉनची तयारी करत असेल तर नीट बसणाऱ्या शूजनंतरची दुसरी खरेदी छातीवर बांधायच्या हार्ट रेट बेल्टचीच असावी. नवीन घड्याळ नको, कॉम्प्रेशन सॉक्स तर अजिबातच नकोत. मी माझं अख्खं ट्रेनिंग बेल्ट बांधून केलं आणि ४२.१९५ किलोमीटरसुद्धा तोच बांधून पळले, म्हणून एवढ्या ठामपणे लिहितेय. कंपनीचं नाव देत नाहीये कारण सगळ्यांचं मूळ तंत्र एकच आहे, फरक असतो तो पट्ट्याच्या कापडात, बॅटरीत आणि अॅपमध्ये.

लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की घड्याळात हार्ट रेट दिसतोच की, मग परत पट्टा कशाला? दिसतो, पण तो मोजायची पद्धत वेगळी आहे. घड्याळाच्या मागे ते हिरवे दिवे असतात ना, ते कातडीखालून वाहणाऱ्या रक्तावर प्रकाश टाकतात आणि किती प्रकाश परत आला त्यावरून ठोक्यांचा अंदाज बांधतात. खुर्चीत बसून हे छान चालतं. पळताना मात्र हात हलतो, घड्याळ मनगटावर सरकतं, थंडीत तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, टॅटू असेल तर शाईच प्रकाश अडवते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घड्याळ कधीकधी तुमच्या पावलांचा ठेका पकडून तोच हार्ट रेट म्हणून दाखवतं. पळताना पावलं मिनिटाला १६०-१७० पडतात, त्यामुळे आरामात गप्पा मारत पळत असताना स्क्रीनवर १६८ दिसलं तर आधी हा संशय घ्यायचा. बेल्ट हृदयाचा विद्युत सिग्नलच पकडतो, ईसीजीचं तत्त्व तेच, त्यामुळे पळताना त्याचा आकडा खूपच भरवशाचा. आणि हे काही कालचं खूळ नाही, फिनलंडच्या पोलार कंपनीने असा बिनवायरचा मॉनिटर १९८२ मध्येच बाजारात आणला होता, घड्याळातले हिरवे दिवे त्याच्या कितीतरी नंतरचे.

आता मुख्य गोष्ट. ह्या वयात पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचा घोळ बहुतेक एकाच ठिकाणी होतो, इझी रन, म्हणजे आरामात पळायचा रन, इझी राहत नाही. ग्रुपमधलं कुणीतरी पुढे जातं, आपण त्याच्यामागे, मग रोजचाच रन अर्धी रेस होऊन बसतो, आणि रविवारी लाँग रनला पाय जड. पंचविशीतलं शरीर हे काही दिवस खपवून घेतं, आपलं स्नायू-सांधे भरून यायला जास्त वेळ घेतं, आणि १६-२० आठवड्यांच्या प्लॅनमध्ये मधेच पोटरी किंवा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) धरला की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. बेल्ट इथे कामाला येतो. एक वरची मर्यादा ठरवायची आणि अलार्म लावून टाकायचा, वाजला की स्लो व्हायचं, चढ असेल तर सरळ चालायचं. सुरुवातीला इतकं हळू पळावं लागतं की मागून आलेले चालणारे लोकसुद्धा पुढे जातील की काय वाटतं, पण काही आठवड्यांनी त्याच ठोक्यांवर पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) सुधारलेला दिसतो, आणि तो फरक आकड्यात बघायला मिळणं ही माझ्या मते ह्या वस्तूची सगळ्यात मोठी देणगी आहे.

पण मर्यादा कुठली ठेवायची, इथे जरा वेळ द्या कारण घेतल्या घेतल्या अॅप जे झोन (ठोक्यांच्या खालच्या-वरच्या मर्यादा) दाखवतं ते बऱ्याचदा तुमच्या उपयोगाचे नसतात. अॅप साधारण २२० वजा वय करून कमाल हार्ट रेट ठरवतं. २००१ मध्ये तनाका नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दुसरं सूत्र मांडलं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. पन्नाशीच्या माणसाला पहिल्याने १७० येतात, दुसऱ्याने १७३, म्हणजे सूत्रांमध्ये तसा फार फरक नाही. खरी अडचण अशी की दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत आणि एखाद्याचा खरा आकडा त्याच्या १०-१२ ठोके वर किंवा खाली असणं अगदी नॉर्मल आहे. त्यात अॅपने नुसते कमालचे टक्के काढले तर ६० ते ७० टक्के म्हणजे १०२ ते ११९, आणि नवीन रनरला ११९ च्या आत पळणं जवळपास अशक्य, माणूस वैतागून बेल्ट ड्रॉवरमध्ये टाकतो. त्यापेक्षा कार्व्होनेनची पद्धत वापरा, सेटिंगमध्ये हार्ट रेट रिझर्व्ह असा पर्याय असतो. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच विश्रांतीचे ठोके मोजायचे, समजा ६० आले, तर १७० वजा ६० म्हणजे ११० हा रिझर्व्ह, त्याचे ६० ते ७० टक्के काढून परत ६० मिळवायचे, उत्तर १२६ ते १३७. बघा किती फरक पडला! आणि ह्यावरही ताळा म्हणून बोलण्याची परीक्षा घ्याच, पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं तर तुम्ही इझीमध्ये आहात, आकडा काहीही म्हणो.

लाँग रनला एक गोष्ट बघून घाबरू नका. पेस तोच असला तरी वेळ जाईल तसे ठोके हळूहळू चढत जातात, ह्याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात. घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, अंग तापतं, हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं म्हणून ठोके वाढवून भरपाई होते. उकाड्याच्या दिवशी हा चढ जास्त. मी अशा वेळी पेस सोडून देते आणि ठोके धरते, म्हणजे शेवटचे किलोमीटर मुद्दाम हळू, आणि दुसऱ्या दिवशी जिने उतरताना त्याचा फायदा कळतो.

कुठे उपयोग नाही तेही सांगते. ४०० मीटरच्या इंटरव्हल्सना (जोरात पळायचं, दम खायचा, परत जोरात) ठोक्यांकडे बघण्यात अर्थ नाही, हृदय प्रतिसाद द्यायला वेळ घेतं, आकडा वर पोचेपर्यंत ते ४०० मीटर संपत आलेले असतात, तिथे पेस आणि स्वतःचा श्वास बरा. रेसच्या दिवशीही स्टार्ट लाइनवर उभं राहूनच ठोके वाढलेले असतात, ॲड्रेनलिन दुसरं काय, त्यामुळे पहिले दोन-तीन किलोमीटर ठरवलेल्या पेसवर जा, मग बेल्टकडे बघायला लागा. निम्म्या अंतरापर्यंत ठोके हातात ठेवले तर स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन (शरीराचं साखरेचं इंधन) जपून वापरलं जातं आणि तिसाव्या किलोमीटरनंतर 'भिंतीवर आदळायची', म्हणजे इंधन संपून एकदम गळून जायची, शक्यता कमी होते. शेवटच्या दहामध्ये आकडा बघूच नका, तिथे जे उरलंय ते घालायचं.

आता कटकटी. पट्टा कोरडा बांधला तर सुरुवातीची काही मिनिटं वाटेल ते आकडे येतात, म्हणून आतली इलेक्ट्रोडची जागा पाण्याने ओली करूनच बांधायची. सिंथेटिक टी-शर्ट वाऱ्यात फडफडला तर स्थिर विजेमुळेही गडबड होते. लांब अंतरावर छातीखाली घासून सोलवटतं, आणि स्पोर्ट्स ब्राचा खालचा इलॅस्टिक आणि पट्टा एकावर एक आले तर जास्तच. मी पट्टा इलॅस्टिकच्या किंचित खाली घेते आणि कडांना व्हॅसलीन लावते, फक्त कडांना, इलेक्ट्रोडखाली लावलं तर सिग्नलच जातो. ज्यांना छातीवर काहीच सहन होत नाही त्यांनी दंडावर बांधायचा ऑप्टिकल (घड्याळासारखा प्रकाशाने मोजणारा) बँड बघावा, दंड मनगटापेक्षा कमी हलतो म्हणून तो घड्याळापेक्षा बरा पडतो, पण बेल्टच्या तोडीचा म्हणणार नाही.

निगा तशी सोपी पण रोजची. पळून आलं की पट्टा साध्या पाण्याखाली धुवायचा, नाहीतर घामाचं मीठ साचून पट्टा खराब होतो आणि वास येतो तो वेगळाच. सेन्सरचा डबा पट्ट्यावरून काढून ठेवायचा, ओल्या पट्ट्यावर लावून ठेवला तर तो चालूच राहतो आणि बॅटरी संपते. बॅटरी नाण्यासारखी असते, सीआर२०३२ किंवा सीआर२०२५, रेसच्या आठवड्यात नवीन घालून एका छोट्या रनला तपासून घ्या.

एक गंभीर सूचना. हे वैद्यकीय उपकरण नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर आकडा नॉर्मल दिसत असला तरी थांबायचं. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ठोके औषधानेच दाबलेले असतात, वरचं कुठलंही सूत्र तुम्हाला लागू नाही, आणि पेसमेकर असेल तर बेल्ट घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मॅरेथॉनच्या तयारीला लागण्याआधी ह्या वयात तपासणी करून घ्यावीच, बेल्ट असो वा नसो.

घेताना दोनच गोष्टी बघा. ब्लूटूथ आणि अँट प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनवायरची जोडणी) दोन्ही असावं, म्हणजे घड्याळ, फोन, जिममधली ट्रेडमिल काहीही जोडता येतं. आणि पट्टा सुटा मिळतो का ते विचारा, कारण सेन्सर वर्षानुवर्षं चालतो पण इलॅस्टिक आधी ढिलं पडतं, आणि ढिला पट्टा दहाव्या किलोमीटरला पोटावर उतरला की आकडेही गेले आणि लक्षही.