साठ हजारांचे 'इम्पोर्टेड' शॉकअप आणि मी शहाणा

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपनीत चौदा वर्षं काढलीत, सील-पिस्टन-प्रेशर हे माझं रोजचं जेवण. तरीही 74,050 रुपये घालवून बसलोय. महिनाभर लाजेपोटी कुणाला बोललो नाही. आता लिहितोय, कारण ज्याने मला हे शॉकअप विकले त्याच माणसाची रील परवा पुन्हा दिसली आणि खाली लोक किंमत विचारत होते.

गाडी थार, 2020 नंतरची. नाशिक शहरात रोज ऑफिस, महिन्यातून दोनदा त्र्यंबकच्या पलीकडे शेतावर, पावसाळ्यात थोडा चिखल. म्हणजे ऐंशी टक्के डांबर, वीस टक्के दगडधोंडे. अशा गाडीला शॉकअप निवडणं हीच खरी डोकेदुखी. कडक घेतले तर रिकाम्या गाडीत स्पीडब्रेकरवर कंबर मोडते, मऊ घेतले तर कसारा घाटाच्या वळणावर गाडी झोपते. या थारला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक दोन आडव्या दांड्यांवर, शॉकअप आणि स्प्रिंग एकात एक. त्यामुळे दोन इंचांपेक्षा जास्त उचलली की ॲक्सलचा कोन बिघडतो, त्यावरची रबरी कव्हरं फाटतात. हे सगळं वाचून, लोकांना विचारून मगच दोन इंची, गॅस भरलेले असं ठरवलं होतं. पुण्यातल्या एका दुकानाने चारही शॉकअप आणि स्प्रिंगचे 96,000 सांगितले. आणि मग ती रील आली: तोच माल, 58,500, जीएसटीसकट.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. व्हॉट्सॲपवर लिस्ट, थोडे आधी, उरलेले डिस्पॅचला. पण मी का भुललो ते सांगतो. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "सर, बुलबार आहे का? विंच? मागे कायम किती वजन असतं?" अहो, हाच तर प्रश्न! बुलबार म्हणजे पुढचा लोखंडी गार्ड, विंच म्हणजे अडकलेली गाडी ओढायची मोटर. पुढच्या नाकावर चाळीस-पन्नास किलो जास्त असतील तर स्प्रिंग वेगळी लागते, हे नीट दुकानदारच विचारतो. मला वाटलं, माणूस जाणकार आहे. होताच. माझ्यासारखे काय ऐकून विरघळतात, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

25,000 यूपीआयने टाकताना स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा बाईंचं आलं. "वहिनींचं अकाउंट, आमची लिमिट संपली." बरं. (स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही तर तिथेच हात आवरा. एवढं एक केलं असतं तरी वाचलो असतो.) उरलेले 33,500 खोक्याचा फोटो आल्यावर टाकले.

खोका आला डिसेंबरात. रात्री साडेनऊला पार्किंगमध्ये उघडला. पिवळेधमक शॉकअप, चकचकीत स्टिकर. गॅसचा नवा शॉकअप सहसा पट्टीने आवळून येतो, पट्टी कापली की रॉड आपोआप बाहेर येतो. कमी दाबाचा असेल तर सावकाश येईल, पण येतोच. यांना पट्टीच नव्हती. एक फरशीवर उभा धरला, तळहाताने रॉड दाबला. खाली गेला आणि तिथेच बसला. पुन्हा ओढून वर काढला, पुन्हा दाबला. पुन्हा तिथेच. माझ्या हातात होतं सगळं उत्तर. मी काय केलं? त्याला व्हॉइस मेसेज पाठवला. त्याचं उत्तर आलं, "सर, थंडीमुळे गॅस बसतो."

आमच्या निफाडला पारा चार-पाचावर येतो हे कबूल. पण शॉकअपमधल्या नायट्रोजन गॅसचं पाणी व्हायला उणे 196 लागतं, हे मी अकरावीत शिकलोय. तरी "ओके" लिहून अंगठा पाठवला. तो अंगठा अजून चॅटमध्ये आहे, रोज बघतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये उस्तादनेही तेच केलं. रॉड दाबला, थांबला, माझ्याकडे बघितलं. "साहेब, हा परत येत नाही. आणि चारींवर नंबर एकच आहे." पुढचे-मागचे वेगवेगळ्या लांबीचे शॉकअप, सिरियल नंबर मात्र एकच! मी म्हणालो, "तुम्हाला इम्पोर्टेड मालाची सवय नाही." वर त्याच्याकडून घेतले नाहीत म्हणून जळतोय, असंही मनात आलं. मजुरी 6,000 ठरली होती, ती घासून 5,500 दिली. अलाइनमेंट 1,400.

पहिले पंधरा दिवस गाडी मऊ, मस्त. मग शेताच्या वाटेवर दहा मिनिटं सलग आपटली की पुढचं नाक होडीसारखं हलायला लागायचं. कारण साधं आहे. सतत वरखाली झाल्यावर आतलं तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप नुसती नळी उरते. तो फेस होऊ नये म्हणून तर गॅसचा दाब ठेवतात. 1,900 किलोमीटरला पुढचा डावा गळायला लागला. तो 'वॉरंटी'ला पाठवला, ट्रान्सपोर्टचे 1,250. तो परत आलाच नाही. नंबर बंद.

उरलेल्यातला एक उस्तादने कापला. (खऱ्या गॅसच्या शॉकअपला कटर लावू नका, जिवावर बेतेल.) फुस्स असा आवाजसुद्धा आला नाही. काळं तेल, आणि पिवळ्या रंगाखाली काळा रंग, त्याखाली घासून काढलेली अक्षरं. कुणाचे तरी जुने शॉकअप रंगवून दिले होते. बिलावरचा जीएसटी नंबर तेव्हा तपासला. पत्ता दिल्लीचा, नंबर सुरू होतो 27 ने, म्हणजे महाराष्ट्राचा. दिल्लीचा 07 असतो. पोर्टलवर नंबर टाकायला अर्धं मिनिट लागतं. टाका.

आता पोलीस. पहिल्या दिवशी ठाण्यात, "ऑनलाइन आहे ना, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "माल मिळालाय ना? मग हे सायबर नाही, ठाण्यात जा." तिसऱ्या खेपेला ठाण्यात, "विक्रेता दिल्लीचा, दिल्लीला तक्रार करा." मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ची प्रत नेली होती. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची, असं नव्या कायद्यात स्पष्ट आहे. साहेबांनी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "गाडी उंच केलीय म्हणता? आरटीओला कळवायचं का?" म्हणजे फसलो मी आणि आरोपीही मीच! तीन अर्ध्या दिवसांच्या रजा गेल्या. फसवणुकीचं कलम 420 चं 318 झालं, बाकी काहीही बदललेलं नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला, त्याची पोचपावती तेवढी आहे.

पैसे गेल्याचं त्याच दिवशी लक्षात आलं तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येते. मी अडीच महिन्यांनी जागा झालो. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात दावा करता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, म्हणून तोही केला. नोटीस "पत्ता अपूर्ण" म्हणून परत आली.

जुने कंपनीचे शॉकअप मी उस्तादला "भंगारात द्या" म्हणालो होतो. त्याने ते पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले होते. परवा तेच परत बसवले. मजुरी 6,000, अलाइनमेंट पुन्हा 1,400. या वेळी मजुरी त्याने गाडी जॅकवर घेण्याआधीच मागितली, आणि मी पूर्ण दिली.