ट्रिप झालेल्या ड्राइव्हचा दोष शोधताना: कीपॅड की लॅपटॉप?

ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) वारंवार ट्रिप होऊ लागला, म्हणजे दोष जाणवून आपोआप थांबू लागला, की दोष शोधण्यासाठी त्याच्यावरच्या कीपॅडवर विसंबावे की निर्मात्याचे सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप जोडावा, हा प्रश्न देखभालीचे साहित्य घेताना हमखास पुढे येतो. येथे कीपॅड म्हणजे मजकूर दाखवणारा, काढता-लावता येणारा एलसीडी कीपॅड अभिप्रेत आहे. नुसता कोड लुकलुकवणारे साधे एलईडी कीपॅड या तुलनेत धरलेले नाहीत. मी दोन्ही मार्ग बराच काळ वापरले आहेत, आणि माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच.

सॉफ्टवेअरची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करायला हवे. प्रवाह, वेग आणि डीसी बसचे (ड्राइव्हच्या आतल्या डीसी विजेच्या टप्प्याचे) व्होल्टेज एकाच आलेखावर पाहिले की एरवी तासन्‌तास चालणारी चर्चा काही मिनिटांत संपते. मूळ मूल्यांपेक्षा कोणते पॅरामीटर बदलले आहेत याची यादी तर कीपॅडवर शोधताना जीव मेटाकुटीला येतो, तीच सॉफ्टवेअर क्षणात काढून देते. फॉल्टच्या (ड्राइव्ह थांबवणाऱ्या दोषाच्या) आधी कोणता अलार्म (ड्राइव्ह न थांबवता दिलेला इशारा) येऊन गेला होता, हेही तिथे क्रमाने दिसू शकते. अनेक कीपॅडच्या हिस्टरीत फक्त फॉल्ट नोंदले जातात. अलार्म मात्र कारण दूर होताच मागमूस न ठेवता निघून जातो.

तरीही लॅपटॉप माझ्या मनातून उतरला तो एका त्रासामुळे. ड्राइव्ह थांबलेला असताना यूएसबी संपर्क व्यवस्थित चालतो आणि मोटर सुरू होताच तो तुटतो. ड्राइव्हमधले आयजीबीटी (स्विचसारखे काम करणारे ट्रान्झिस्टर) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, त्या प्रत्येक वेळी व्होल्टेज अतिशय वेगाने बदलते, आणि मोटर व केबलच्या धारितेतून जमिनीकडे जाणारा प्रवाह परतीसाठी जी वाट मिळेल ती धरतो. लॅपटॉपची यूएसबी केबल ही अशीच एक सोयीची वाट ठरते. चार्जर काढून बॅटरीवर काम केले, आखूड शील्डेड केबल वापरली किंवा मध्ये यूएसबी आयसोलेटर घातला की फरक पडतो, हा माझा अनुभव आहे. पण उत्पादन थांबलेले असताना हे सगळे जुळवत बसणे किती जिकिरीचे असते, ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

एका कन्व्हेयरचा ड्राइव्ह भरलेल्या पट्ट्यावर सुरू करतानाच ओव्हरकरंटवर ट्रिप होत असे. आलेख घ्यायला बसावे, तर ज्या क्षणासाठी तो घ्यायचा त्याच्या किंचित आधी संपर्क तुटे आणि पडद्यावर एक सपाट रेघ उरे. शेवटी कीपॅडच्या फॉल्ट हिस्टरीत ट्रिपच्या क्षणी गोठवून ठेवलेली मूल्ये पाहिली: वारंवारिता अगदी कमी, प्रवाह भरमसाट, डीसी बसचे व्होल्टेज मात्र नेहमीसारखे. केबलमध्ये शॉर्ट असता, तर सुरू होण्याचा आदेश (रन) मिळताक्षणीच ट्रिप अपेक्षित होता; इथे मोटर थोडी फिरण्याचा प्रयत्न करून अडत होती. ब्रेक उघडून पाहिला, तेव्हा अस्तर झिजून हवेची फट वाढलेली होती आणि ब्रेक उशिरा सुटत होता. तीन आकड्यांनी जी दिशा दिली, ती सपाट रेघेने दिली नसती.

ओव्हरव्होल्टेजच्या बाबतीतही हेच. 400 व्होल्ट वर्गातील ड्राइव्हची डीसी बस साधारण 565 व्होल्टवर असते आणि ट्रिप 800 च्या वर कुठेतरी होतो. नोंदीत वारंवारिता उतरत असताना बस चढलेली दिसली, तर मोठा पंखा किंवा फ्लायव्हील ऊर्जा परत ढकलत आहे हे उघड होते, आणि मग वेग उतरवण्याचा काळ वाढवायचा की ही ऊर्जा उष्णतेत घालवणारा ब्रेकिंग रेझिस्टर बसवायचा एवढाच निर्णय उरतो. मित्सुबिशीच्या ई.ओसी1, ई.ओसी2 आणि ई.ओसी3 या कोडमध्ये तर ओव्हरकरंट वेग वाढताना आला, स्थिर वेगावर आला की वेग उतरताना आला, हे कोडच सांगतो.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. काही ड्राइव्हमध्ये आलेख ड्राइव्हच्याच स्मृतीत साठतो आणि फॉल्ट आल्यावर थांबतो. तिथे लॅपटॉप नंतर, मोटर बंद असताना जोडला तरी चालते, आणि माझ्या आक्षेपातला बराचसा जोर ओसरतो. फक्त ही सोय आधीच लावून ठेवावी लागते, आणि पुरवठा बंद केल्यावर नोंद टिकते का तेही तपासून घ्यावे लागते. डॅनफॉसच्या ट्रिप-लॉकसारख्या फॉल्टमध्ये रीसेट करण्यापूर्वी पुरवठा तोडावाच लागतो, म्हणून हा मुद्दा लहान नाही.

कीपॅडच्या उणिवाही आहेत. छोट्या ड्राइव्हमध्ये घड्याळ नसते, त्यामुळे फॉल्टची वेळ चालू तासांवरून काढावी लागते. आणि चालकाने घाईने पुन्हापुन्हा रीसेट दाबला, तर मोजक्या जागांच्या हिस्टरीतून पहिला, खरा फॉल्ट बाहेर ढकलला जातो.

सर्व ड्राइव्ह एकाच निर्मात्याचे असतील, अनेक मोटरींचा वेग परस्परांशी जुळवायचा असेल किंवा नवी यंत्रणा सुरू करून द्यायची असेल, तर सॉफ्टवेअरला पर्याय नाही असे मला वाटते. पण निरनिराळ्या निर्मात्यांचे ड्राइव्ह असतील, तर एबीबीचे ड्राइव्ह कंपोझर, सीमेन्सचे स्टार्टड्राइव्ह, डॅनफॉसचे एमसीटी 10 आणि मित्सुबिशीचे एफआर कॉन्फिग्युरेटर2 हे सारे एका लॅपटॉपवर अद्ययावत ठेवणे हेच एक वेगळे काम होऊन बसते. अशा ठिकाणी मी आधी चांगला कीपॅड आणि तो पॅनेलच्या दारावर बसवण्याचा संच घेईन. ट्रिपची मूल्ये वाचण्यासाठी चालू पॅनेल उघडावे लागत नाही, पॅरामीटरची प्रत ज्यात ठेवता येते असा कीपॅड असेल तर ड्राइव्ह बदलतानाही वेळ वाचतो, आणि मेगर (इन्सुलेशन तपासणारे उपकरण) लावण्यासाठी मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवायची वेळ येते तेव्हा, ड्राइव्हच्या कपॅसिटरमधला विद्युतभार उतरण्याची वाट पाहण्याआधीच, नेमके काय तपासायचे हे ठरलेले असते.