चांदी उजळायला टूथपेस्ट की सोडा-फॉइल?

मुंबईच्या दमट हवेत ९२५ चांदीची (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध चांदीची) पैंजणं काळी पडतातच. हवेतल्या गंधकामुळे सल्फाइडचा थर चढतो. घरोघरी आधी टूथपेस्ट पुढे येते. चमक लगेच येते, पण तिच्यातले कण थरासोबत चांदीही घासून नेतात, बारीक चरे पडतात. घुंगरांच्या फटींत पांढरी पेस्ट अडकते ती वेगळीच.

मला सोडा-फॉइलच पटतं. भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्याला टेकेल असा दागिना, चमचाभर खायचा सोडा, वर कढत पाणी. अ‍ॅल्युमिनियम गंधक ओढून घेतं, चांदी जागच्या जागी राहते. कुजक्या अंड्यासारखा वास आला की समजा, काम सुरू झालं. मोती आणि चिकटवलेले खडे मात्र यात अजिबात बुडवू नका. ऑक्सिडाइज्ड झुमकेही नकोत, त्यांची मुद्दाम दिलेली काळी झाक निघून जाते. ते मऊ सुती कापडानेच पुसा.